किती वर्षं म्हणजे वाजवी?

मागच्या वेळी आपण बेकारियापर्यंत आलो होतो. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, ही गोष्ट त्याने 1764 मध्ये एका लहानशा पुस्तकात मांडली आणि युरोपने ती मान्य केली. मान्य करायला काय लागतं? प्रश्न त्यानंतरचा आहे. हे प्रमाण मोजायचं कोणी? आणि मोजणाऱ्याचं माप चुकलं असं वाटलं, तर दाद कुठे मागायची?

आज मी अमेरिकेतली एक हकीकत सांगणार आहे. तिथल्या संघराज्याच्या न्यायालयांत, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात झालेली शिक्षा ‘वाजवी नाही’ म्हणून अपील करण्याचा हक्क कसा आला आणि त्याचं पुढे काय झालं, याची. तुम्ही म्हणाल, अमेरिकाच का? तर चाळीस वर्षांच्या आत तिथे या प्रश्नाची तिन्ही उत्तरं देऊन झाली. आधी न्यायाधीशाला पूर्ण मोकळीक, मग त्याचे हात पूर्ण बांधलेले, आणि मग ‘वाजवी’ या एका शब्दावर टाकलेला सगळा भार. असा प्रयोग तत्त्वज्ञानाच्या माणसाला घरबसल्या पाहायला मिळणं दुर्मीळ.

आता हा ‘वाजवी’ शब्द. मूळ अरबी ‘वाजिब’. आपल्याकडे तो बाजारात रुळला. वाजवी दर. त्याचा भाऊ रास्त, तो रेशनच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन बसला. मेथीच्या जुडीचा वाजवी भाव म्हणजे काही एकच आकडा नसतो. 20 रुपये चालतात, 25 म्हटलं तर कुरकुर करून घेतो, 100 म्हटलं की आपण पुढे चालू लागतो. पण नेमक्या कितव्या रुपयाला भाव गैरवाजवी झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. भाजीच्या बाबतीत यानं काही बिघडत नाही. माणसाच्या वर्षांच्या बाबतीत बिघडतं. कारण तिथे पुढे चालू लागण्याची सोय नसते.

1984 पूर्वीची स्थिती सरळ होती. कायदा म्हणायचा, या गुन्ह्याला 0 ते 20 वर्षं. त्या मर्यादेत न्यायाधीशाने कोणताही आकडा उच्चारला तरी वरच्या न्यायालयाने त्यात पडायचं नाही. 1974 च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं: शिक्षा कायद्याच्या मर्यादेत आहे ना, मग अपिलाचं काम संपलं. गुन्हा शाबित करण्यासाठी पुराव्याचा कीस काढायचा, आणि 2 वर्षं की 20 वर्षं हे मात्र कारण न देता सांगून मोकळं व्हायचं. आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर प्रतिज्ञा आहे आणि हेतूचा पत्ता नाही. ‘पर्वतावर अग्नी आहे’ एवढं म्हणून उठायचं. धूर दिसला का, हे विचारायचं नाही.

न्यूयॉर्कचे मार्विन फ्रँकेल स्वतः संघराज्याचे न्यायाधीश होते. त्यांनीच 1973 मध्ये पुस्तक लिहून या कारभारावर बोट ठेवलं. ज्या देशाला आपल्याकडे कायद्याचं राज्य आहे याचा अभिमान आहे, तिथे शिक्षेच्या क्षणी कायदाच नसतो, असा त्यांचा आक्षेप. पुढच्याच वर्षी त्या भागातल्या 50 न्यायाधीशांना एकाच प्रकारची कागदपत्रं देऊन, तुम्ही काय शिक्षा द्याल, असं विचारलं गेलं. खंडणीच्या एका प्रकरणात एकाने 20 वर्षं कैद आणि 65,000 डॉलर दंड सांगितला, तर दुसऱ्याने 3 वर्षं. प्रकरण तेच, माणूस तोच, कागदही तेच. फरक पडला तो कोणाचा दरवाजा वाट्याला आला याने.

यावर उपाय म्हणून 1984 चा कायदा आला आणि 1 नोव्हेंबर 1987 पासून एक मार्गदर्शिका लागू झाली. नाव मार्गदर्शिका, पण ती बंधनकारक होती. तिच्यात एक तक्ता आहे. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गंभीरतेचे 43 स्तर, आडव्या बाजूला आरोपीच्या पूर्वेतिहासाचे 6 रकाने. असे 258 चौकोन, आणि प्रत्येकात महिन्यांचा पल्ला. 30 ते 37, 97 ते 121, असे. पंचांगात मुहूर्त पाहावा तशी शिक्षा पाहायची. पॅरोलही रद्द झाला. त्याच कायद्याने पहिल्यांदा शिक्षेविरुद्ध अपिलाचा रस्ता उघडला, पण अपिलात विचारायचं काय, तर तक्ता बरोबर वाचला का.

याच सुमारास, जून 1986 मध्ये, लेन बायस नावाचा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनच्या अतिसेवनाने गेला. देश हळहळला आणि काही महिन्यांत काँग्रेसने अमली पदार्थांचा कडक कायदा करून टाकला. त्यात वजनाला किमान शिक्षा बांधली. पावडर कोकेन 500 ग्रॅम असेल तर किमान 5 वर्षं. क्रॅक, म्हणजे तेच कोकेन सोड्याबरोबर शिजवून केलेले खडे, 5 ग्रॅम असलं तरी किमान 5 वर्षं. एकास शंभर. क्रॅकच्या खटल्यांत पकडले जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते, हे काही वर्षांतच सगळ्यांना दिसू लागलं. 1995 मध्ये मार्गदर्शिका करणाऱ्या आयोगानेच हे प्रमाण सारखं करा म्हटलं. काँग्रेसने ते फेटाळलं.

वजनाचं हे वेड कुठवर जातं बघा. 1991 च्या चॅपमन खटल्यात एलएसडीच्या 1,000 मात्रा टिपकागदावर शोषवलेल्या होत्या. शुद्ध द्रव्य साधारण 50 मिलिग्रॅम. कागदासकट वजन 5.7 ग्रॅम. कायद्यात ‘मिश्रण’ असा शब्द होता, म्हणून सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कागदही धरा. किमान 5 वर्षांची शिक्षा लागू झाली ती मुख्यतः कागदाच्या वजनावर. हसू नका, आपल्याकडेही हाच वाद झाला. आपल्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात हेरॉइन 250 ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण आणि किमान 10 वर्षं. मग 300 ग्रॅम भुकटीत हेरॉइन थोडं आणि बाकी भेसळ असेल तर? 2008 मध्ये आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फक्त अमली द्रव्य मोजा. 2020 च्या हीरा सिंग निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं: भेसळीसह सगळं मोजा. व्यसनी माणसाच्या हाती भेसळीचाच माल पडतो, म्हणून सगळं वजन धरायचं, असा त्यामागचा विचार आहे. मला तो अर्धाच पटतो. भेसळ जितकी जास्त तितकी शिक्षा जास्त, असं यातून निघतं, आणि भेसळ बहुधा साखळीच्या खालच्या टोकाला होते.

असो. आपण अमेरिकेत होतो.

12 जानेवारी 2005. बुकर खटला. ज्युरीने ठरवलं की या माणसाजवळ 92.5 ग्रॅम क्रॅक होतं. तक्त्याप्रमाणे 210 ते 262 महिने. नंतर शिक्षा सुनावताना न्यायाधीशाने स्वतःच ठरवलं की त्याने आणखी 566 ग्रॅम हाताळलं होतं, आणि पल्ला 360 महिन्यांपासून जन्मठेपेपर्यंत गेला. शिक्षा झाली 30 वर्षं. ज्युरीसमोर जे कधी आलंच नाही, त्यावर जवळपास 8 ते 12 वर्षं जास्त! सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असं ठरवलं की बंधनकारक तक्त्यात हे घटनेला धरून नाही. तथ्यं ज्युरीने ठरवायची असतात.

मग इलाज काय? इथे गंमत आहे. नऊपैकी वेगळ्याच पाच जणांनी इलाज ठरवला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग तेवढ्या दोन्ही बाजूंत होत्या. इलाज असा: तक्ता राहू द्या, पण सल्ला म्हणून. न्यायाधीशाने तो पाहावा, मग आरोपी, गुन्हा, समाजाची सुरक्षितता असं सगळं पाहून पुरेशी, पण गरजेपेक्षा जास्त नाही, अशी शिक्षा द्यावी. आणि अपील न्यायालयाने काय तपासायचं? न्यायमूर्ती ब्रायर यांनी कायद्याच्या कोपऱ्यात पडलेला एक शब्द उचलला आणि मधोमध आणून ठेवला. शिक्षा वाजवी आहे का, एवढंच पाहा. हजारो माणसांची वर्षं त्या दिवसापासून या शब्दाला टांगली गेली. त्याची व्याख्या मात्र कोणी केली नाही.

व्याख्या नव्हती, म्हणून खालची अपील न्यायालयं गणिताकडे धावली. अनिश्चिततेला घाबरलेला माणूस नेहमी आकड्याकडे धावतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे गॉल खटला, 2007. त्यावर मला थोडं रेंगाळायचं आहे.

हा मुलगा आयोवा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. एक्स्टसीच्या गोळ्या घ्यायचा, मग विकणाऱ्यांच्या टोळीत शिरला. सात महिन्यांत 30,000 डॉलरच्या वर कमावले. आणि मग, कोणी पकडलं नसताना, कोणी सांगितलं नसताना, त्याने साथीदारांना आपण बाहेर पडतोय असं सांगितलं. गोळ्या घेणंही सोडलं. 2002 मध्ये पदवी घेतली, दुसऱ्या राज्यात गेला, सुतारकाम शिकला, पुढे कोलोरॅडोत उत्तम सुतार झाला. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्याने सगळं सांगितलं होतं. 2004 मध्ये आरोपपत्र आलं, तेव्हा तो स्वतःहून हजर झाला. तक्त्यातला पल्ला 30 ते 37 महिने. न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी 36 महिन्यांचं प्रोबेशन दिलं. तुरुंग नाही.

सरकारने अपील केलं. अपील न्यायालय म्हणालं, 30 महिन्यांवरून शून्यावर येणं म्हणजे 100 टक्के घट. एवढ्या असाधारण घटीला तेवढंच असाधारण कारण हवं. वरवर हे किती पटण्याजोगं वाटतं! पण न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्यातला दोष दाखवला. पल्ला 3 महिन्यांचा असो की 30 चा, प्रोबेशन दिलं की घट 100 टक्केच भरणार. म्हणजे हे गणित काही मोजतच नाही. शिवाय प्रोबेशन म्हणजे शून्य नव्हे. त्यात परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, अधिकारी कधीही दारात येतो, दारूवर बंधन, आणि एक चूक झाली की तुरुंग. निकाल 7 विरुद्ध 2. शिक्षा कायम.

या निकालाने अपिलाच्या दोन पायऱ्या पक्क्या केल्या. पहिली रीतीची: तक्ता नीट काढला का, दोन्ही बाजूंचं ऐकलं का, कारणं दिली का. दुसरी आशयाची: सगळं रीतसर झाल्यावर मुळात तो आकडा वाजवी आहे का. दुसऱ्या पायरीवर वरच्या न्यायालयाने, ‘आम्ही असतो तर वेगळं केलं असतं’ म्हणून शिक्षा फिरवायची नाही. खालच्याने विवेकाचा गैरवापर केला असेल, तरच. कारण आरोपीला समोर पाहिलंय ते खालच्याने.

ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीची गोष्ट सांगतो. दगड वेडावाकडा असेल तर लोखंडी पट्टी उपयोगाची नाही. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि तरीही मोजते. प्रॅटसाहेबांची पट्टी शिशाची होती. मात्र हाही प्रश्न विचारला पाहिजे: पट्टी कोणासाठी वाकते? दगड कोलोरॅडोतला पदवीधर सुतार असला की वाकते, आणि दुसऱ्या कोणासाठी वाकत नाही, असं झालं तर आपण पुन्हा 1974 च्या त्या 50 न्यायाधीशांपाशी आलो.

म्हणून त्याच दिवशी, 10 डिसेंबर 2007 ला, लागलेला दुसरा निकाल महत्त्वाचा. किम्ब्रो. व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा कृष्णवर्णीय माणूस, आखाती युद्धात लढलेला. क्रॅक आणि पावडर, शिवाय बंदूक. तक्त्याने 228 ते 270 महिने. तेवढंच कोकेन नुसतं पावडर असतं तर 97 ते 106. न्यायाधीश म्हणाले, एकास शंभर हे प्रमाणच मला पटत नाही, आणि कायद्याने देता येईल तितकी कमी, म्हणजे 180 महिन्यांची शिक्षा दिली. अपील न्यायालय म्हणालं, धोरणाशी असहमत होण्याचा तुम्हाला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. 2010 मध्ये काँग्रेसने एकास शंभरचं एकास अठरा केलं. 5 ग्रॅमच्या जागी 28 आले. 2018 च्या कायद्याने त्याचा लाभ जुन्या कैद्यांनाही दिला. का अठरा? कोणी समाधानकारक सांगितलेलं नाही. तो घासाघीस करून आलेला भाव आहे.

आता तुमच्या लक्षात एक गोष्ट आली का? गॉल आणि किम्ब्रो, दोन्हीत मूळ अपील सरकारचं होतं. तक्रार होती की शिक्षा कमी आहे. तुरुंगातला माणूस ‘माझी शिक्षा जास्त आहे’ म्हणून गेला आणि जिंकला, असं या दोन गाजलेल्या निकालांत घडलेलं नाही. आणि हा योगायोग नाही. तक्त्याच्या पल्ल्यातली शिक्षा अपिलात वाजवी गृहीत धरायला हरकत नाही, असं 2007 च्याच रीटा निकालाने सांगून ठेवलं होतं. म्हणजे आरोपी पायऱ्या चढायच्या आधीच अर्धा हरलेला. वर, नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी गुन्हा कबूल करून सरकारशी करार करतात आणि त्यांतल्या अनेकांच्या करारात अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम असतं. आकडा मुळातच जास्त आहे, एवढ्याच कारणावर शिक्षा फिरल्याचं क्वचित दिसतं. फिरते ती बहुतेकदा रीत चुकली म्हणून.

सरकारच्या अपिलाचा फटका कसा बसतो ते पेपर खटल्यात दिसतं. मेथचा गुन्हा, पल्ला 97 ते 121 महिने, शिक्षा 24 महिने. सरकार अपिलात गेलं, शिक्षा रद्द झाली. तोवर या माणसाने 24 महिने भोगले, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा केला, कॉलेजात गेला, चांगले गुण मिळवले, नोकरीला लागला. न्यायाधीशाने हे पाहून पुन्हा 24 महिनेच दिले. पुन्हा अपील, पुन्हा रद्द. नव्या न्यायाधीशाने 65 महिने दिले आणि तो परत आत गेला. शिक्षेनंतर माणूस सुधारला हे विचारात घ्यायचंच नाही, असं अपील न्यायालयाचं मत होतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडलं. सुधारणा हा जर शिक्षेचा एक हेतू असेल, तर झालेली सुधारणा बघायची नाही, हा तर्क मला कोणत्याही दर्शनात सापडलेला नाही!

आणि जिथे कायद्याने किमान शिक्षा बांधलेली आहे, तिथे हा ‘वाजवी’ शब्द पोचतच नाही. वेल्डन अँजेलोस, युटा राज्य, नोव्हेंबर 2004. गांजाच्या तीन विक्री, दर वेळी 350 डॉलर. जवळ पिस्तूल होतं असा आरोप. पिस्तुलाच्या पहिल्या आरोपासाठी 5 वर्षं, पुढच्या दोन्हींसाठी 25-25, आणि सगळ्या शिक्षा एकामागून एक. 55 वर्षं. वय चोविशीपंचविशीचं. न्यायाधीश पॉल कॅसेल यांनी त्याच दिवशी थोड्या वेळापूर्वी, एका वृद्धेला ओंडक्याने मारून टाकणाऱ्याला 22 वर्षं दिली होती. त्यांनी निकालपत्रातच लिहिलं की ही शिक्षा अन्याय्य आहे, पण माझे हात बांधलेले आहेत, राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी. अपील फेटाळलं गेलं. हेतू भरपूर दिला, पानंच्या पानं दिला, आणि निगमन त्याच्या उलट! अँजेलोस 2016 मध्ये सुटला, तो अपिलात जिंकून नव्हे. शिक्षांची अशी चळत रचणं 2018 मध्ये काँग्रेसने बरंच आवरलं.

घटनेचा आधार घ्यावा, तर ती चाळणी फार मोठ्या भोकांची. 1991 च्या हार्मेलिन निकालात 672 ग्रॅम कोकेनसाठी पॅरोलशिवाय जन्मठेप, पहिलाच मोठा गुन्हा असूनही, 5 विरुद्ध 4 ने टिकली. या बाबतीत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नाव घ्यायला हवं. एनडीपीएसच्या 31-अ कलमात ठरावीक प्रमाणावरच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशी सक्तीची होती. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीची फाशी नको, न्यायाधीशाला पर्याय हवा. 2014 मध्ये संसदेने कायदाच तसा बदलला. किमान 10 वर्षांची मात्र आपल्याकडे आजही अपिलात 9 होत नाहीत.

शेवटचा खटला सांगतो आणि थांबतो, वेळही झालाय. होल्गिन-हर्नांडेझ, 2020. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात या माणसाला 60 महिने झाले. आधीच्या शिक्षेनंतरच्या देखरेखीत असताना हा गुन्हा केला, म्हणून सरकारने वर आणखी 12 ते 18 महिने मागितले. वकील म्हणाला, आणखी काही नको, द्यायचेच तर 12 पेक्षा कमी द्या. न्यायाधीशाने 12 दिले. अपील न्यायालयाने म्हटलं, शिक्षा सुनावल्यावर तुम्ही उठून ‘ही वाजवी नाही’ असं म्हणाला नाहीत, म्हणून तो मुद्दा तुम्ही घालवलात. सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने खोडलं, आणि लिहिलं ते पुन्हा न्यायमूर्ती ब्रायर यांनी. कमी शिक्षा मागितली यातच सगळं आलं. तो शब्द उच्चारायलाच हवा असं नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी हा शब्द मधोमध आणून ठेवला, त्यांनाच तो मंत्रासारखा म्हणावा लागत नाही, हे सांगावं लागलं.

प्रकरण परत अपील न्यायालयात गेलं. त्यांनी या वेळी मुद्दा ऐकून घेतला, 12 महिने वाजवी आहेत असं ठरवलं, आणि शिक्षा होती तशी ठेवली.